विश्लेषण : महामारी आली की संशोधनाचा क्रम कोण ठरवतो? प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांचे आयुष्य आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ज्यांच्या नावाने ती उभी आहे, त्या वॉल्डेमार हाफकिन यांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. एका महामारीने त्यांच्या हातातले काम बदलले, त्यांना कीर्ती दिली, मग कलंक दिला. त्याच महामारीतून देशात आरोग्य संशोधनाची कायमची व्यवस्था उभी राहिली. ही व्यवस्था आज चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यापर्यंत पोहोचली आहे. पण पोहोचायला तिला शंभरहून अधिक वर्षे का लागली?

चंद्रपूरशी या गोष्टीचा संबंध काय?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातील एका कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते आरोग्य संशोधनाच्या दोन कामांना चालना मिळाली. नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहायचे आणि पुढची साथ आधीच ओळखायची, हा तिचा हेतू. करोनाने शिकवलेला हा धडा होता. त्याच वेळी चंद्रपूरचे हिमोग्लोबिनविषयक आजारांचे संशोधन, उपचार व नियंत्रण केंद्र राष्ट्रार्पण करण्यात आले. हे केंद्र सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी आहे.

एक संस्था येऊ घातलेल्या आजारासाठी, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या आजारासाठी. दोन्हींच्या मुळाशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर आहे. आणि आयसीएमआरचे मूळ शोधत गेले, की आपण परळच्या प्लेग प्रयोगशाळेत जाऊन पोहोचतो. ती प्रयोगशाळा हाफकिन यांनी उभी केली होती.

हाफकिन कोण होते?

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना एली मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पेशी जंतूंना कशा गिळतात, हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ.

त्या काळी रशियात ज्यूंवर हल्ले होत होते. तरुण हाफकिन ज्यू वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या गटात सामील झाले. त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून ते सुटले. पुढे प्राध्यापकी मिळण्याची शक्यता निर्माण झाली, पण त्यासाठी धर्म बदलण्याची अट होती. त्यांनी ती मानली नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. मिळाली ती ग्रंथपालाची नोकरी. दिवसभर पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

या प्रयोगांतून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते ठणठणीत राहिले. त्यानंतर काही स्नेह्यांना टोचली. आता लस खरोखर पटकी रोखते का, हे पाहायला पटकीचा मुलूख हवा होता.

ते भारतात का आले?

भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना भारतात काम करण्याचे सुचवले. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कोलकात्याला उतरले. पुढची दोन-अडीच वर्षे ते उत्तर भारत, बंगाल, आसाम असे फिरत राहिले. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून लस घेतली.

कोलकात्यातील काठालबागान वस्तीतील १८९४ चा अनुभव विशेष गाजला. तिथल्या सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत पटकी आली तेव्हा आजारी पडलेले सगळे लस न घेतलेले होते. टोचलेले आणि न टोचलेले लोक एकाच वस्तीत, एकच पाणी पिणारे असावेत आणि त्यांची तुलना व्हावी, ही हाफकिन यांची पद्धत होती. आज लसीच्या चाचणीत जे केले जाते, त्याचे हे सुरुवातीचे रूप.

पण ही लस मुख्यतः कुठे टोचली गेली, हेही पाहायला हवे. लष्कराच्या छावण्या, तुरुंग, चहाचे मळे आणि शहरातील दाट वस्त्या. जिथे सरकारला किंवा मळेवाल्यांना माणसांची मोजदाद ठेवायची गरज होती, तिथेच संशोधन पोहोचले. माणूस मेला तर कुठेतरी नोंद होईल, एवढी तरी सोय तिथे होती. जंगलातल्या पाड्यांवर ती सोय नव्हती.

याच भटकंतीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले. तब्येत इतकी ढासळली की १८९५ मध्ये त्यांना युरोपला परतावे लागले. पटकीवर काम करणाऱ्या या माणसाला हिवतापाने अंथरुणाला खिळवले. तो आजार पुढे या लेखात पुन्हा येणार आहे.

मुंबईत प्लेग आल्यावर काय बदलले?

हाफकिन १८९६ मध्ये भारतात परतले ते पटकीचे काम पुढे न्यायला. पण सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांना काखेत आणि जांघेत गाठी, सोबत तीव्र ताप असलेले रुग्ण आढळले. हा प्लेग होता. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये त्याने थैमान घातले होते. तिथेच अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी त्याच्या जंतूवर काम केले होते. आता तो जहाजांतून मुंबईच्या धान्यगोदामांत उतरला होता.

सरकार हादरले. मुंबई हे साम्राज्याच्या व्यापाराचे बंदर होते. लाखो लोक शहर सोडून निघाले. युरोपातील देश भारतीय मालावर बंदी घालण्याच्या तयारीत होते. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. अशा वेळी सरकारने हाफकिन यांना पटकीचे काम बाजूला ठेवून मुंबईला धाडले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले.

त्याच काळात आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून चांदा जिल्हा होता आणि तो मध्य प्रांतात मोडत असे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांत दुष्काळाने होरपळत होता. दुष्काळामागोमाग पटकी आणि ताप येतातच. म्हणजे पटकीवर लस असलेला शास्त्रज्ञ देशात होता आणि पटकीने मरणारी माणसेही होती. पण तातडीच्या यादीत पहिले नाव प्लेगचे लागले होते. यात कोणाचा कट नव्हता. प्लेग खरोखरच भयंकर होता. मात्र तो बंदरात आला होता, म्हणून त्याचा आवाज मोठा होता.

एका खोलीत लस कशी तयार झाली?

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिन यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. सोबतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या साधनांवर त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या पाण्यात वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले, की त्यांच्या खाली जंतूंचे धागे लोंबकळत वाढत. मग उष्णतेने ते मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंची लस बनवायची. रात्रंदिवस हे काम चालले. एक सहकारी थकून आजारी पडला, आणखी दोघांनी काम सोडले, पण अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीप्रमाणे पहिली सुई स्वतःला टोचली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचलेल्या कैद्यांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. कैद्याने दिलेल्या होकाराला खरा होकार म्हणायचे का, हा प्रश्न आज कोणतीही नैतिकता समिती आधी विचारेल. तेव्हा तो फारसा विचारला गेला नाही.

सर्वांत बोलका पुरावा बडोद्याजवळच्या उंधेरा गावातून आला. १८९८ मध्ये तिथे २८ कुटुंबांत प्रत्येक घरातील काहींना लस टोचली, काहींना नाही. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली आणि त्यातले २६ दगावले. एकाच छपराखालचा हा फरक होता. पुढे १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या.

मग लोकांनी लस का टाळली?

कारण लस आणि सरकारी जबरदस्ती एकाच वेळी दाराशी आल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. घरांची झडती, रुग्णांना ओढून छावणीत नेणे, सामान जाळणे हे सगळे त्याच्या आधाराने झाले. पुण्यात तर या कामावर सैनिक लावले गेले. स्वयंपाकघरात, देवघरात बूट घालून शिरणाऱ्या सैनिकांमुळे लोक संतापले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली. तीन महिन्यांपूर्वीच, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. सेवा करणारा हात आणि दार तोडणारा हात, पुणेकरांनी दोन्ही एकाच साथीत पाहिले.

हाफकिन यांचा सक्तीला विरोध होता. माणूस स्वतःहून आला पाहिजे, असे ते मानत. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत आगाखान होते. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. लस देणारा कोण आहे, यापेक्षा लस घेणारा आपल्यातला कोण आहे, हे लोक पाहतात. करोनाच्या लसीकरणात गडचिरोलीच्या दुर्गम गावांत स्थानिक भाषा बोलणाऱ्या आशा सेविका का लागल्या, हे त्यावरून समजते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. एका खोलीचा प्रवास राजवाड्यापर्यंत आला होता.

मुल्कोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती.

चौकशी आयोग बसला. लस बनवताना जंतुनाशकाबाबत प्रयोगशाळेने केलेल्या बदलाकडे बोट दाखवले गेले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. प्रत्यक्षात मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचासाठी वापरला गेला होता. त्याच बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले असण्याची दाट शक्यता होती. हा तपशील चौकशीत पुढे आलेला असूनही त्याला महत्त्व मिळाले नाही.

लंडनमध्ये हाफकिन पाच वर्षे कागदपत्रे घेऊन लढत राहिले, असे म्हणता येणार नाही. लढाई त्याहून थोडी लहान, पण एकाकी होती. १९०७ मध्ये हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले.

पुढे ते भारतात परतले, पण परळला नाही. त्यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले. तिथे प्रत्यक्ष लोकांमध्ये चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. ज्याचे सारे काम वस्त्यांत आणि गावांत उभे राहिले, त्याला टेबलावरच्या संशोधनापुरते ठेवले गेले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. उरलेले आयुष्य युरोपात ज्यू समाजाच्या कामात गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

महामारीतून संशोधनाची व्यवस्था कशी उभी राहिली?

भारतात प्लेगने काही दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. सुरुवातीची धावपळ ओसरल्यावर एक गोष्ट सरकारच्या लक्षात आली. साथ आली की माणूस बोलवायचा, खोली द्यायची आणि चूक झाली की त्याला काढून टाकायचे, अशाने भागणार नाही. प्लेगचा प्रसार कसा होतो, हे कळायलाही अनेक वर्षे गेली होती. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच कराचीत उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे प्रयोगाने दाखवले होते. पण त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. १९०५ पासून परळला झालेल्या मोठ्या संशोधनानंतर ते मान्य झाले. तोवर घरे जाळण्यात आणि भिंती धुण्यात पैसा गेला होता.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. आरोग्य संशोधनासाठी कायमचा निधी आणि कशावर संशोधन करायचे हे ठरवणारे एक मंडळ, अशी ही रचना होती. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या प्लेग प्रयोगशाळेतच झाली. १९१३ पासून तिचे संशोधन नियतकालिक निघू लागले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात पुन्हा एक कोटीहून अधिक माणसे नेली. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या काळात संस्थेने हिवताप, काळा आजार, बेरीबेरी यांच्या अभ्यासाला चालना दिली. १९४९ मध्ये हीच संस्था आयसीएमआर झाली. करोनाच्या काळात तिच्याच पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला आणि त्यातून कोव्हॅक्सिन ही स्वदेशी लस घडली.

थोडक्यात, महामारीने देशाला संशोधनाची सवय लावली. पण सवय लावताना क्रमही ठरवून दिला : जो आजार वेगाने पसरतो, शहर बंद पाडतो, व्यापार अडवतो, तो आधी.

जंगलातले आजार या यादीत कुठे होते?

सिकलसेल हे त्याचे नेमके उदाहरण आहे. अमेरिकेतील शिकागोत १९१० मध्ये या आजाराचे पहिले वर्णन वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाले. म्हणजे इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन होण्याच्या एक वर्ष आधी. भारतात मात्र तो नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीतील आदिवासींमध्ये. या चाळीस वर्षांत भारतात सिकलसेल नव्हता, असे नाही. तो शोधायला कोणी गेले नव्हते.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि पोट असह्य दुखते, रक्त कमी होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. उलट त्याला जीवघेण्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून पुढे आले. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तिथे सिकलसेल. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात गोंड, माडिया आणि इतर अनेक समाजांत तो आढळतो तो यामुळेच. हाफकिन यांना ज्या हिवतापाने युरोपला परत धाडले, तोच इथल्या माणसांच्या रक्तावर हजारो वर्षे आपली खूण ठेवत होता. राज्यातील हिवतापाचा मोठा भार आजही गडचिरोली वाहतो.

सिकलसेलने एका दिवसात गाव रिकामे होत नाही. एखादे मूल वारंवार आजारी पडते, शाळा सुटते, आईची मजुरी बुडते. त्याची बातमी होत नाही आणि त्यासाठी कोणती आंतरराष्ट्रीय परिषद भरत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

क्रम उलटा करता येतो का?

येतो, आणि ते गडचिरोलीनेच दाखवले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या दशकात इथे सर्च ही संस्था उभी केली. १९८९ मध्ये त्यांचा दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास लॅन्सेट या जागतिक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढेच सरकारी यादीत होते.

पुढे त्यांनी नवजात बालकांचे मृत्यू हाती घेतले. ३९ गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रिया घरी जाऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर राबवली जाऊ लागली. इथे संशोधनाचा विषय साथीने किंवा बंदराने ठरवला नव्हता. गावात काय दुखते, ते आधी पाहिले गेले.

पुढच्या महामारीआधी काय ठरायला हवे?

महामारीत सगळे सोडून एका आजारामागे धावावे लागते, हे हाफकिन यांच्या काळातही खरे होते आणि २०२० मध्येही. ते टाळता येत नाही. ठरवता येतात त्या पुढील गोष्टी.

पहिली, यादीतील जुन्या कामांचे काय? प्लेग आला तेव्हा पटकीचे काम मागे पडले. पुढच्या साथीत सिकलसेलच्या गोळ्या, रक्त आणि तपासण्या थांबणार नाहीत, याची तजवीज साथ येण्याआधीच करावी लागेल.

दुसरी, यादी करताना कोण बसते? १९११ च्या मंडळावर सरकारी अधिकारी आणि सरकारी डॉक्टरांचे वर्चस्व होते. आज त्या टेबलावर जंगलपट्ट्यातील डॉक्टर, आशा सेविका आणि रुग्णांचे पालक यांना जागा आहे का, हे विचारायला हवे.

तिसरी, जंगलाला दुर्लक्षित कोपरा समजणे आता परवडणारे नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्यातून एक नवा विषाणू सापडला. माकडतापाचा तोच आजार २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही दिसला. माणूस, गुरे आणि वन्यजीव जिथे एकत्र राहतात, तिथे नवा आजार सर्वांत आधी दिसण्याची शक्यता असते. ताडोब्याच्या कडेची आणि भामरागडच्या आतली गावे अशीच आहेत. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात तापाच्या रुग्णाचे रक्त तपासले जाते का, त्याची नोंद होते का, यावर नागपूरच्या नव्या संस्थेचा उपयोग ठरेल.

चौथी, चूक झाली तर काय? मुल्कोवालमध्ये १९ माणसे गेली. त्यांना न्याय हवा होता. पण एका माणसाला दोषी धरून मूळ कारण बाजूला राहिले आणि लसीवरचा विश्वासही ढासळला. उघड चौकशी आणि वेळेवर जाहीर होणारा अहवाल हाही संशोधनाचाच भाग आहे.

चंद्रपूरच्या केंद्राकडे आज यंत्रे आहेत, तपासण्यांची सोय आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील त्या खोलीत हाफकिन यांच्याकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे होती ती सरकारची घाई. चंद्रपूरच्या वाट्याला आजवर तेवढी घाई आलेली नाही. कोरची किंवा एटापल्लीतील एखादे जोडपे लग्नाआधी रक्त तपासून घेते का, आणि त्यांना त्याच आठवड्यात अहवाल मिळतो का, यावरून ती आली की नाही ते कळेल.